श्रेणीनिश्चिती, महाविद्यालयीन गणितातील

महाविद्यालयीन गणिताच्या एखाद्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने संपादन केलेल्या ज्ञानाचे व कौशल्याचे मोजमाप करून ते गुण, वर्ग किंवा अक्षरश्रेणी यांच्या रूपाने नोंदविण्याच्या प्रक्रियेस श्रेणीनिश्चिती म्हणतात. या प्रक्रियेचे तीन टप्पे पडतात : उत्तरांना गुण देणे, निरनिराळ्या चाचण्यांचे गुण एकत्र करणे व एकत्रित गुणांचे श्रेणीत रूपांतर करणे. प्रत्येक टप्प्यावर काही निर्णय घ्यावे लागतात आणि ते निर्णय गणिताने सुटणारे नसतात. गणिताचे उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक असते, म्हणून गणितातील गुणदान वस्तुनिष्ठ असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल. [⟶ परीक्षा].

इतिहास : लेखी परीक्षेच्या आधारे विद्यार्थ्यांचा अनुक्रम लावण्याची प्रथा गणिताच्याच परीक्षेतून रूढ झाली. केंब्रिज विद्यापीठातील ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’ ही परीक्षा मुळात लॅटिनमधील तोंडी वादविवादाच्या स्वरूपाची होती. अठराव्या शतकात तिचे हळूहळू लेखी परीक्षेत रूपांतर झाले. पहिल्या वर्गात येणाऱ्यांस ‘रँग्लर’ म्हणजे वाद घालणारा, हे जुने नाव मात्र टिकले. पहिला येणारा तो ‘सीनियर रँग्लर’. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे व जॉर्ज बर्टविसल हे दोघे बरोबरीने सीनियर रँग्लर ठरले. ‘रँग्लर’ हे बिरूद नावामागे लावण्याची महाराष्ट्रातील प्रथा (रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी) या परीक्षेमुळेच पडली. परीक्षेतील एक स्थान व्यक्तीच्या नावाचा कायमचा भाग व्हावे, यावरून त्या स्थानाला केवढी प्रतिष्ठा होती, ते कळते.

या परीक्षेतील गुणांचे आकडे उद्‌बोधक आहेत. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार एकूण सु. १७,००० गुणांपैकी एका वर्षी सीनियर रँग्लरला ७,५०० हून अधिक गुण होते, तर सन्मान यादीतील अखेरच्या विद्यार्थ्यास ३०० हूनही कमी. दुसऱ्या एका वर्षी पहिल्यास ९,४२२ व दुसऱ्यास ५,६४२ गुण मिळाले होते. यादीत मात्र ते ‘पहिला’ व ‘दुसरा’ असेच लागोपाठ छापले गेले. गुणांचे अनुक्रमात रूपांतर करताना अंतराची माहिती नाहीशी होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. अनुक्रमाच्या या स्पर्धेमुळे विद्यार्थी गणित शिकण्याऐवजी परीक्षेचे तंत्र शिकतात, अशी तक्रार वाढत गेली. सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्यांत जी. एच्. हार्डी हे स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर होते. १९०९ नंतर अनुक्रमाची यादी बंद झाली व प्रत्येक वर्गातील नावे वर्णानुक्रमे छापली जाऊ लागली.

अमेरिकेत येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ मध्ये ५८ विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन त्यांची चार गटांत विभागणी केली (२० उत्तम, १६ द्वितीय उत्तम, १२ कनिष्ठ व १० निकृष्ट). अमेरिकेतील श्रेणीपद्धतीचे हे एक आद्य उदाहरण समजले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अक्षरश्रेणी आल्या. माउंट होल्योक महाविद्यालयात १८९७ मध्ये शेकडा गुणांशी निगडित अशी अक्षरे वापरात होती. पुढे मिसूरी विद्यापीठातील मॅक्स मायर यांनी १९०८ मध्ये असे दाखवून दिले की, एकाच संस्थेतील वेगवेगळे प्राध्यापक अत्यंत भिन्न प्रमाणात श्रेणी वाटतात. काही उदारपणे, तर काही अतिशय कृपणतेने. यावर उपाय म्हणून श्रेणींचे प्रमाण आधीच ठरवून द्यावे, अशी कल्पना पुढे आली : अत्युत्कृष्ट ३ टक्के, श्रेष्ठ २२, मध्यम ५०, कनिष्ठ २२ व अनुत्तीर्ण ३ टक्के. सापेक्ष श्रेणीपद्धतीचा उगम या विचारात आहे.

भारतात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर त्यांचे मुख्य कार्य परीक्षा घेणे हेच होते. शिकविणारा एक व परीक्षा घेणारा दुसरा, ही रचना त्यामुळे दृढ झाली. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षापद्धतीची, असे राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) म्हटले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७३ मध्ये परीक्षासुधारणेचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात अंतर्गत मूल्यमापन, प्रश्नपेढी व श्रेणीपद्धती यांवर भर होता. भारतीय तंत्रविद्या संस्थांनी, विशेषतः अमेरिकी विद्यापीठांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या कानपूरच्या संस्थेने, शिकविणाऱ्यानेच श्रेणी देण्याची पद्धत आधीच स्वीकारली होती. सर्वसाधारण विद्यापीठांत ती सार्वत्रिक होण्यास मात्र बराच काळ लागला.

उत्तरांचे गुणदान : गणितात अंतिम उत्तरापेक्षा रीतीला महत्त्व असते, म्हणून प्रश्नाचे गुण पायऱ्यांत विभागतात. पुढील उदाहरण घ्यावे : ४० मी. लांबीच्या कुंपणाने वेढता येणाऱ्या आयताकृती जागेचे महत्तम क्षेत्रफळ काढा (६ गुण). एक बाजू क्ष मानल्यास दुसरी (२० – क्ष) व क्षेत्रफळ २०क्ष – क्ष² येते. अवकलज २० – २क्ष हा शून्य होतो तेव्हा क्ष = १० व क्षेत्रफळ १०० चौ. मी. दुसरा अवकलज –२ हा ऋण असल्याने हे मूल्य महत्तम आहे. बाजूंचा संबंध, क्षेत्रफळाचे फलन, अवकलन, क्ष चे मूल्य, महत्तमतेचे समर्थन व उत्तर यांस प्रत्येकी एक गुण, अशी योजना प्राश्निक करतो.

आता तीन उत्तरपत्रिका पाहू. पहिल्या विद्यार्थ्याने दुसरी बाजू चुकून (४० – क्ष) घेतली व पुढील सर्व क्रिया अचूक करून ४०० चौ. मी. हे उत्तर काढले. चूक एकदाच झाली असल्याने तिची शिक्षाही एकदाच व्हावी, या तत्त्वानुसार त्यास ६ पैकी ५ गुण मिळतात. परंतु त्याच्या आयताची परिमिती ८० मी. होते, हे त्याच्या लक्षात यावयास हवे होते, असे म्हणणारा परीक्षक आणखी एक गुण कापेल. दुसऱ्याने ‘दिलेल्या परिमितीत चौरसाचे क्षेत्रफळ सर्वांत जास्त, म्हणून १००’ एवढेच लिहिले. विधान सत्य व उत्तर बरोबर आहे, तरी सिद्धता नाही. त्यास एक गुण द्यावा, तीन द्यावेत की सहा, यावर परीक्षकांत एकमत होणे अवघड. तिसऱ्याने अवकलनाचा उपयोगच केला नाही. त्याने २०क्ष – क्ष² = १०० – (क्ष – १०)² असे लिहून वर्ग ऋण असू शकत नाही, एवढ्यावरून उत्तर सिद्ध केले. हे उत्तर योजनेत कोठेच बसत नाही, पण तिघांत तेच सर्वांत चांगले आहे. त्यास पूर्ण गुण न देणारा परीक्षक गणिताची परीक्षा घेत नसून आपल्या टिपणवहीची घेत असतो.

१९१३ मध्ये डॅनिएल स्टार्च व एडवर्ड एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरांपैकी २८ पासून नव्वदीपर्यंत गुण पडले. त्यापूर्वी त्यांनी इंग्रजी भाषेच्या उत्तरपत्रिकांवर असाच प्रयोग केला होता. गणितात तफावत कमी असेल, ही अपेक्षा खोटी ठरली. कोणी केवळ उत्तर पाहिले, कोणी रीत पाहिली, तर कोणी नीटनेटकेपणाचेही गुण कापले. गुणदानाची योजना आधी लिहून काढणे, सर्व उत्तरपत्रिकांतील एक प्रश्न एकाच परीक्षकाने सलग तपासणे, विद्यार्थ्याचे नाव झाकणे व काही उत्तरपत्रिका नियामकाने पुन्हा पाहणे या उपायांनी ही तफावत पुष्कळ कमी होते, नाहीशी मात्र होत नाही. माहिती अधिकार कायद्याखाली परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. त्यामुळे परीक्षकास आपल्या गुणदानाचे समर्थन करता येण्याजोगे काम करणे भाग पडले, ही इष्ट गोष्ट होय.

पायरीवार गुणदानाचा एक दोषही आहे. दहा प्रश्नांची अर्धवट उत्तरे लिहिणारा व पाच प्रश्न पूर्ण सोडविणारा हे दोघे सारखेच ठरतात. वस्तुतः पूर्ण सिद्धता शेवटास नेणे हीच गणितातील खरी कसोटी आहे. केंब्रिजमध्ये अलीकडच्या दशकांत यावर वेगळा तोडगा योजण्यात आला. मोठ्या प्रश्नात २० पैकी १५ वा अधिक गुण मिळाल्यास ‘अल्फा’ व १० ते १४ मिळाल्यास ‘बीटा’ अशी नोंद होते. वर्ग ठरविताना नुसत्या गुणांच्या बेरजेपेक्षा अल्फांच्या संख्येस अधिक वजन मिळते.

गुणांचे एकत्रीकरण : गृहपाठ, वर्गचाचणी, सत्रमध्य परीक्षा, सत्रान्त परीक्षा इत्यादींना ठराविक भार देऊन बेरीज करतात. अंतर्गत मूल्यमापनास ४० व सत्रान्त परीक्षेस ६० गुण ही एक नेहमीची विभागणी होय. येथे कागदावरचा भार व प्रत्यक्ष परिणाम करणारा भार यांत फरक पडतो. समजा, अंतर्गत गुण सर्व विद्यार्थ्यांना ३३ ते ३७ च्या दरम्यान मिळाले आणि सत्रान्त परीक्षेचे गुण ८ पासून ५४ पर्यंत पसरले. अंतर्गत कामात सर्वांत पुढे असलेल्या (३७) विद्यार्थ्यास परीक्षेत ३० गुण मिळाले, तर त्याची बेरीज ६७ होते; सर्वांत मागे असलेल्यास (३३) परीक्षेत ४० मिळाले, तर ७३. वर्षभराच्या कामाने फार तर चार गुणांचा फरक पडला. म्हणजे विद्यार्थ्यांच्या परस्पर क्रमाच्या दृष्टीने ४० टक्के भार असलेल्या घटकाचा प्रभाव जवळजवळ शून्य आहे. कोणत्याही घटकाचा प्रभाव त्याच्या कमाल गुणांवर अवलंबून नसून गुणांच्या प्रसरणावर, म्हणजे प्रमाण विचलनावर, अवलंबून असतो.

उत्तीर्ण होण्याच्या दृष्टीने मात्र हेच गुण उलट परिणाम घडवितात. अंतर्गत ३५ गुण हाती असलेल्यास एकूण ४० गाठण्यासाठी ६० पैकी अवघे ५ गुण पुरतात. यामुळेच अनेक विद्यापीठांनी दोन्ही घटकांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होण्याची अट घातली आहे. अंतर्गत गुण सढळ हाताने देण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. तिची कारणे शैक्षणिक कमी व सामाजिक अधिक आहेत : विद्यार्थी शिक्षकाच्या रोजच्या परिचयातला असतो आणि महाविद्यालयाचा निकाल शिक्षकाच्याही डोक्यावर असतो.

निरनिराळ्या चाचण्यांची काठिण्यपातळी वेगळी असल्यास प्रत्येक चाचणीच्या गुणातून तिचे माध्य वजा करून प्रमाण विचलनाने भागतात व मिळणाऱ्या प्रमाणित गुणांची भारित बेरीज घेतात. ही रीत सांख्यिकीच्या दृष्टीने निर्दोष असली, तरी विद्यार्थ्यास आपले गुण कसे आले हे समजणे अवघड जाते.

श्रेणीत रूपांतर : रूपांतराच्या दोन रीती आहेत. निरपेक्ष रीतीत गुणांच्या मर्यादा आधीच जाहीर केलेल्या असतात व वर्गातील सर्वांना सर्वोच्च श्रेणी मिळू शकते. सापेक्ष रीतीत वर्गाचे माध्य व प्रमाण विचलन पाहून मर्यादा ठरवितात. प्रश्नपत्रिका अनपेक्षितपणे कठीण गेल्यास निरपेक्ष रीत विद्यार्थ्यांवर अन्याय करते. सापेक्ष रीत त्या आपत्तीतून त्यांना वाचविते. परंतु सापेक्ष रीतीमागे गुणांचे वंटन प्रसामान्य असते, हे गृहीत दडलेले आहे. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्राच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात ते कामचलाऊ ठरते. तिसऱ्या वर्षी अमूर्त बीजगणित आवडीने निवडणाऱ्या पंधरा विद्यार्थ्यांच्या वर्गात त्यास काहीच आधार राहत नाही, कारण ते विद्यार्थी आधीच निवडून आलेले असतात. शिवाय सापेक्ष रीतीत सहाध्यायी हा प्रतिस्पर्धी होतो. एकमेकांस उदाहरणे समजावून सांगण्याची सवय, जी गणिताच्या अभ्यासाचा प्राण आहे, तीच तोट्याची ठरते. गुण चढत्या क्रमाने मांडून जेथे मोठी रिकामी जागा दिसेल तेथे मर्यादा आखण्याची पद्धतही प्रचारात आहे. तीस विद्यार्थ्यांच्या गुणांत अशा रिकाम्या जागा निव्वळ यदृच्छेनेही पडतात, हे विसरता कामा नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दशांशी श्रेणीपद्धती सुचविण्यात आली. तीत ओ (१० श्रेणीगुण), ए अधिक (९), ए (८), बी अधिक (७), बी (६), सी (५), पी (४) व एफ (०) अशा श्रेणी आहेत. कोणत्या गुणांस कोणती श्रेणी, हे विद्यापीठागणिक वेगवेगळे आढळते. प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या श्रेयांकांनी गुणून त्यांची बेरीज एकूण श्रेयांकांनी भागल्यास सत्राची श्रेणीगुण सरासरी मिळते. उदा., ४ श्रेयांकांच्या गणितात ७, ४ श्रेयांकांच्या भौतिकीत ८, २ श्रेयांकांच्या भाषाविषयात ९ व २ श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकात १० श्रेणीगुण असल्यास बेरीज २८ + ३२ + १८ + २० = ९८ व सरासरी ९८ ÷ १२ = ८·१७ येते. गणितासारख्या तुलनेने कडक गुणदानाच्या विषयातील ७ व प्रात्यक्षिकातील १० यांना येथे एकाच मापाने मोजले जाते. सरासरी उंचावण्यासाठी विद्यार्थी गणित टाळून सैल विषय निवडू लागतात, हा या सरासरीचा एक अटळ परिणाम आहे.

मर्यादेवरील विद्यार्थी : परीक्षेचे गुण हे अन्य कोणत्याही मोजमापाप्रमाणे त्रुटियुक्त असतात, हा विचार एफ्. वाय्. एजवर्थ यांनी १८८८ व १८९० मधील आपल्या निबंधांत मांडला. खगोलीय निरीक्षणांस लावला जाणारा त्रुटिसिद्धांत त्यांनी परीक्षकांच्या गुणांस लावला व मर्यादेच्या आसपासच्या उमेदवारांचे भवितव्य बऱ्याच अंशी यदृच्छेवर अवलंबून असते, असे दाखविले. आधुनिक परिभाषेत गुणांचे प्रमाण विचलन १५ व परीक्षेची विश्वसनीयता ०·८४ असल्यास मापनाची प्रमाण त्रुटी १५ × √(१ – ०·८४) = ६ गुण येते. म्हणजे ५४ गुण मिळविणाऱ्याचे खरे गुण सु. ४८ ते ६० च्या दरम्यान असण्याची शक्यता सु. दोन-तृतीयांश आहे. एवढ्या विश्वसनीयतेची परीक्षा चांगली समजली जाते.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. अध्यापकपदासाठी आवश्यक असलेल्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेस बसण्यास सर्वसाधारण प्रवर्गात पदव्युत्तर पदवीस ५५ टक्के गुण लागतात. एका विषयातील त्रुटी अनेक विषयांच्या बेरजेत बरीच कमी होते हे खरे. तरीही ५४·६ व ५५·२ टक्के मिळविणाऱ्या दोघांच्या गणिती ज्ञानात फरक असल्याचा कोणताही पुरावा परीक्षेने दिलेला नसतो. एकास अध्यापनाचा मार्ग खुला राहतो व दुसऱ्यास बंद होतो. गुणांऐवजी श्रेणी वापरल्याने असे सूक्ष्म भेद नाहीसे होतात, असे श्रेणीपद्धतीचे समर्थक सांगतात. ते अंशतःच बरोबर आहे. दोन मर्यादांच्या मध्ये असलेल्यांतील खोटे भेद पुसले जातात, पण मर्यादेच्या दोन्ही बाजूंस असलेल्यांतील एका गुणाचा फरक पूर्ण एका श्रेणीएवढा मोठा होतो. म्हणून मर्यादेखालील दोन-तीन गुणांच्या पट्ट्यातील उत्तरपत्रिका श्रेणी जाहीर करण्यापूर्वी दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घेणे, हा उपाय वाढीव गुण सरसकट वाटण्यापेक्षा अधिक न्याय्य होय. तो खर्चिक असल्याने क्वचितच अवलंबिला जातो.

गणिताच्या बाबतीत उत्तीर्णतेच्या मर्यादेला आणखी एक अर्थ आहे. हा विषय एकावर एक मजले चढविल्याप्रमाणे रचलेला आहे. कलनशास्त्र न समजलेला विद्यार्थी अवकल समीकरणांत अडतोच. इतिहासाच्या विद्यार्थ्यास एक कालखंड कच्चा ठेवून दुसरा चांगला शिकता येतो. गणितात तसे करता येत नाही. दयाबुद्धीने दिलेले पाच गुण विद्यार्थ्यास पुढील सत्रात अधिक मोठ्या अपयशाकडे नेऊ शकतात.

अलीकडील प्रयोग : अभ्यासक्रमाची उद्दिष्टे सुटी करून प्रत्येकात ‘साध्य’ किंवा ‘अद्याप असाध्य’ एवढीच नोंद करावयाची, असाध्य असलेल्या उद्दिष्टासाठी पुन्हा संधी द्यावयाची व साध्य उद्दिष्टांच्या संख्येवरून श्रेणी ठरवावयाची, ही प्रभुत्वाधिष्ठित पद्धत अमेरिकेतील अनेक गणित विभागांत वापरली जाते. चुकलेली सिद्धता दुरुस्त करून पुन्हा सादर करता येणे हे गणिताच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी जुळणारे आहे. मोठ्या वर्गांत मात्र पुनर्तपासणीचा भार शिक्षकास पेलत नाही. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्रातील विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपाने घेतल्या. त्या आपत्कालात दुसरा मार्गही नव्हता. परंतु चार पर्यायांतून एक निवडण्याने सिद्धता लिहिण्याचे कौशल्य मोजता येत नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले. २०२२ च्या अखेरीपासून संगणकीय भाषाप्रारूपे सर्वांच्या हाती आल्याने घरी सोडवून आणलेल्या उदाहरणांवरून विद्यार्थ्याची श्रेणी ठरविणे अवघड झाले आहे. परिणामी काही ठिकाणी गृहपाठाचा भार कमी करण्यात आला असून विद्यार्थ्यास फळ्यापाशी उभे करून आपली सिद्धता समजावून देण्यास सांगणारी मौखिक परीक्षा पुन्हा वापरात येत आहे.